मोर्शीच्या वाटेवरील दंतपरीक्षा

अमरावतीहून ईशान्येस सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेले म्हणजे मोर्शी हे तालुक्याचे गाव लागते. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग, पूर्वेस वर्धा नदी आणि मधल्या काळ्या जमिनीत संत्र्याच्या बागा, कपाशी व तूर, असा हा मुलूख आहे. येथील संत्र्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. सिंभोऱ्याजवळ वर्धेवर बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाविषयी व त्याच्या ‘नल-दमयंती सागर’ या रम्य नावाविषयीही लिहिले गेले आहे. तेव्हा त्या वाटेस पुन्हा न जाता, प्रवासी ज्याकडे सहसा पाहात नाहीत अशा एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे मनात आहे. ती गोष्ट म्हणजे या मुलुखातील जनावरांचे दात. विषय ऐकून कोणी हसेल. परंतु मोर्शी ते सालबर्डी या सात-आठ किलोमीटरांच्या टापूत या एका विषयाचे जेवढे धडे उघड्यावर मांडलेले आहेत, तेवढे एखाद्या पदार्थसंग्रहालयातही क्वचितच सापडतील.

पहिला धडा गुरांच्या बाजारात मिळतो. वऱ्हाडातील शेतकरी बैल घेताना आधी त्याची चाल पाहतो, वशिंड पाहतो, खूर पाहतो. परंतु कमरेची पिशवी सोडण्यापूर्वी तो बैलाचा खालचा ओठ खाली ओढून दात मोजल्याखेरीज राहात नाही. “तोंड पाह्यल्याबिगर पैसा काढू नका जी, गुरुजी,” असा सल्ला एका वृद्ध कास्तकाराने आम्हांस, आम्ही बैल घेणार नाही हे ठाऊक असूनही, मोठ्या कळकळीने दिला होता. दुधाचे दात न पडलेले गोऱ्हे ते ‘आदत’; मधली जोडी पडून पक्के दात आले की ‘दोनदाती’, मग ‘चारदाती’, ‘सहादाती’, आणि आठही दात आले म्हणजे ‘जुळला’. पहिली जोडी साधारणतः दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते व पाचव्या वर्षाच्या आसपास सर्व दात पुरे होतात. जात आणि पोषण यांमुळे थोडे इकडेतिकडे होते एवढेच. वर्धेपलीकडून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र गवळाऊ बैलाची जन्मपत्रिका त्याचा मालक दडवून ठेवू शकेल, परंतु बैलाचे तोंड ती दडवीत नाही.

येथे संस्कृताच्या अभ्यासकास एक सुखद ओळख पटते. भगवान पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात समासाचे नियम सांगताना असे सांगितले आहे की, संख्यावाचक शब्दापुढे ‘दन्त’ शब्द येऊन त्यावरून वय दाखवावयाचे असेल, तर ‘दन्त’चे ‘दत्’ असे रूप होते. त्यामुळे दोनदाती वासरू ते ‘द्विदन्’, चारदाती ते ‘चतुर्दन्’ आणि सहादाती बैल तो ‘षोडन्’. हत्तीला मात्र ‘द्विदन्त’च म्हणावयाचे, कारण त्याच्या दोन दातांवरून त्याचे वय कळत नाही. आम्ही पाठशाळेत हे सूत्र घोकले तेव्हा ते रूक्ष व्याकरण वाटले होते. वस्तुतः अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कोणा गुरांच्या बाजारात ओठ ओढून दात मोजणाऱ्या माणसाची बोली त्या महर्षीने कान देऊन ऐकली होती, यात आम्हांस शंका वाटत नाही.

मात्र या परीक्षेत ओठ खालचाच का ओढावयाचा? कारण वरच्या बाजूस पुढचे दात मुळी नसतातच. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण, आणि संत्र्याच्या बागांत शिरून शेतकऱ्यास जेरीस आणणारा रोही, या सर्वांच्या वरच्या जबड्यात पुढील भागी दातांऐवजी केवळ एक चिवट गादी असते. आमच्या प्राचीनांनी हे फार बारकाईने टिपले होते. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात पशूंची उत्पत्ती सांगताना घोडे आणि दोन्ही जबड्यांत दात असणारे इतर पशू यांचा एक गट केला आहे, आणि गाई, शेळ्या, मेंढ्या यांचा उल्लेख निराळा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार करताना ‘एकतोदत्’, म्हणजे एकाच बाजूस दात असणारे, हीच कसोटी घेतली असून त्यांतून उंटास वगळले आहे. हा अपवाद मोठा मजेचा आहे. प्रौढ उंटाच्या वरच्या जबड्यात मधले दात नसतात, परंतु कडेस एकेक दात व त्यामागे सुळे असतात. समोरून पाहणाऱ्यास तो एकतोदत् वाटतो, तोंड उघडून पाहणाऱ्यास वाटत नाही. ज्याला हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याला राजपुतान्यात जाण्याचे कारण नाही. कच्छकडून आलेले रबारी मेंढपाळ आपली मेंढरे व सामानाचे उंट घेऊन वऱ्हाडभर हिंडत असतात. मात्र उंटाचे तोंड त्याच्या मालकाकडूनच उघडवून घ्यावे.

घोड्याला वर व खाली, दोन्हीकडे पुढचे दात असतात, म्हणून तो गवत मुळापाशी कचकन तोडतो. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत घोड्याचे वय दातांवरून सांगण्याची रीत दिली आहे. गाईचे तसे नाही. ती आपली लांब खरखरीत जीभ बाहेर काढून गवताच्या झुबक्याभोवती विळखा घालते, तो तोंडात ओढते, खालचे दात वरच्या गादीवर दाबते आणि मानेच्या हिसक्याने गवत तोडते. तोडलेला घास ती त्या वेळी नीट चावीत नाही. थोडासा घोळवून गिळून टाकते. पुढे सावलीत बसल्यावर तोच घास पोटातून परत तोंडात आणून ती सावकाश रवंथ करते. दिवसाचे सहा-आठ तास तिचे या कामी जातात. पुढचे दात केवळ धरण्यापुरते, खरा कारखाना दाढांचा. वर बारा, खाली बारा अशा चोवीस दाढा आणि खालचे पुढचे आठ मिळून बत्तीस दात होतात. संख्या आपल्याइतकीच, मांडणी मात्र सर्वस्वी भिन्न.

या दाढांचे काम समजण्यास घरातील जात्यासारखे दुसरे साधन नाही. ज्या घरांत अजून जाते जपून ठेविले आहे, तेथील वृद्ध स्त्रियांना हे सांगावयास नको की, दळता दळता जात्याची पाळ गुळगुळीत होते व पीठ जाडेभरडे पडू लागते. मग दारावर ‘टाकीऽऽ’ अशी आरोळी देत येणारा कारागीर त्यावर छिन्नीने पुन्हा टाके घाली. गाईच्या दाढेला ही टाकी आपोआप लागत असते. दाढ तीन प्रकारच्या द्रव्यांची बनलेली असते. अतिशय कठीण असे दंतवल्क, त्याहून मऊ असे दाताचे अंग, आणि फटींत सिमेंटसारखा भरणा. ही तीन द्रव्ये सारख्या वेगाने झिजत नाहीत. मऊ भाग लौकर खोलगट होतो, कठीण भाग चंद्रकोरीच्या आकाराच्या धारांसारखा वर उरतो. जितके दळावे तितके जाते खरखरीत राहते. शिवाय गाईचा खालचा जबडा वरच्याहून अरुंद असल्यामुळे ती एका वेळी एकाच बाजूने, जात्याच्या फेऱ्यासारखी आडवी गती देऊन चावते. गोठ्यात पाच मिनिटे स्वस्थ उभे राहिल्यास लहान मुलासही हे दिसते.

एवढ्या खटाटोपाचे कारण गवत हे आहे. ते दिसावयास कोमल. परंतु दर्भ उपटताना ज्याचे बोट कापले आहे त्यास त्याचे खरे स्वरूप ठाऊक असते. दर्भ बोट न कापता खुडू शकतो तो ‘कुशल’, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने सांगतात. गवताच्या पात्यांत सिलिकेचे, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचे, सूक्ष्म कण असतात. गवत खाणे म्हणजे एका परीने वाळू मिसळलेली भाजी आयुष्यभर चावणे होय. त्यात रानातील धुळीची भर पडते. म्हणून गवत खाणाऱ्यांच्या दाढा उंच असतात व त्यांचा बराच भाग पुढील वर्षांच्या झिजेची तरतूद म्हणून हिरडीच्या आत राखलेला असतो.

हे सिलिकेचे कण गवत कुजून गेले तरी उरतात. आमच्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे असे कण असल्याचे भारतीय व परदेशी संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी, डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच असा समज रूढ होता. खुद्द मोर्शी तालुक्यातील सालबर्डीच्या परिसरातही त्याच लॅमेटा नावाच्या थरांत डायनासोरच्या अग्रबाहूचे हाड मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले व पुढे अंड्यांचे घरटेही आढळले. त्या काळी या प्रदेशात वावरणाऱ्या टायटनोसॉर जातीच्या अजस्र शाकाहारी प्राण्यांचे दात बोरूसारखे बारीक असत. त्यांना दळणारी दाढ नव्हती. पाला ओरबाडावा व गिळावा, बाकीचे काम पोटावर सोडावे, अशी त्यांची रीत. आजच्या गाईने गिळण्याची ती जुनी घाई ठेविली आणि वर जात्याची जोड दिली, असे म्हटले तर ते शास्त्रीय वंशावळ म्हणून चुकीचे होईल, पण तुलना म्हणून चालेल.

आता सालबर्डीकडे वळू. महाशिवरात्रीस येथे डोंगरातील गुहेतल्या महादेवाच्या दर्शनास मोठी यात्रा भरते. गावाचा काही भाग महाराष्ट्रात व काही मध्य प्रदेशात आहे. यात्रेकरूंच्या हातातील फुटाणे-बत्ताशांवर टपलेली काळ्या तोंडाची वानरे येथे वाटोवाट भेटतात. या वानराचे दात बत्तीसच, आपल्यासारखेच दिसणारे. परंतु त्याच्या दाढांवर आडव्या धारदार कडा असतात व त्या पाने कातरण्यास उपयोगी पडतात. त्याचे पोटही कप्प्याकप्प्यांचे असून पाला तेथे आंबतो. बत्ताशासाठी ही व्यवस्था नाही. यात्रेकरूंच्या भक्तीविषयी आम्हांस आदर आहे, पण वानराच्या तोंडात साखर घालण्याने महादेव किंवा मारुती यांपैकी कोणी प्रसन्न होत असेल असे वाटत नाही.

सातपुड्याच्या या रानांतील मांसाहाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे दात पाहण्याचा प्रसंग वाचकांवर न येवो. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट हे एक. वाघाला दात तीसच. त्याची दाढ दळीत नाही. वरची व खालची दाढ एकमेकींजवळून सरकून मांस कातरतात, अगदी अडकित्त्याप्रमाणे. त्याचा जबडा आडवा हलतच नाही, केवळ वर-खाली उघडतो. म्हणून वाघास गवतावर ठेवणे जितके अशक्य, तितकेच गाईस मांसावर. सुळे मोडले म्हणजे वाघाचे काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण कुमाऊँमधील चंपावतच्या वाघिणीचे आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली तिला मारले, तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले, आणि ती नरभक्षक होण्याचे कारण त्यांनी तेच मानले. रानडुकराला चव्वेचाळीस दात असून त्याच्या दाढा उखळीतल्या बत्त्यासारख्या बोथट असतात. त्यांना कंद, धान्य, किडा, मुळी सर्व चालते. सर्व काही खाणाऱ्या मनुष्याच्या दाढाही याच वळणाच्या आहेत, हे सांगावयास संकोच वाटतो, पण सत्य आहे.

अस्वलाची गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. मांसाहाऱ्यांच्या कुळात जन्मूनही आमचे अस्वल वाळवी, मुंग्या, मोहाची फुले, बोरे व मध यांवर राहते. त्याच्या वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात नसतात. वारूळ उकरले की ते लांबट ओठांची नळी करून आधी फुंकरीने माती उडविते, आणि मग त्या खिंडीतून वाळवी आत ओढून घेते. हा आवाज रानात दूरवर ऐकू जातो. कोठे दात असावेत याप्रमाणेच कोठे नसावेत हेही आहारानेच ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही; निदान खवल्या मांजराचे सोडून, कारण त्याला तर एकही दात नसतो आणि मुंग्या दळण्याचे काम तो जठरात गेलेल्या बारीक खड्यांकडून करवून घेतो.

अमरकोशात ‘द्विज’ शब्दाचे ब्राह्मण, पक्षी व दात असे तीनही अर्थ दिले आहेत. दुधाचा दात पडून दुसरा येतो म्हणून तो द्विज. परंतु मागच्या मोठ्या दाढा एकदाच येतात, त्यांना दुसरा जन्म नाही. त्या झिजल्या की झिजल्या. म्हातारा बैल वाळू लागतो याचे कारण पुष्कळदा दुखणे नसून हेच असते. समोर कडबा असतो, भूकही असते, पण जाते थांबलेले असते. अशा बैलाला समंजस शेतकरी कुटार भिजवून, सरकीची ढेप कालवून, धान्य भरडून घालतो. वैदिक देवतांत पूषा हा गुरांचा रक्षक. दक्षयज्ञात रुद्रकोपाने त्याचे दात पडले आणि तेव्हापासून त्याला कुटलेल्या पिठाचा हविर्भाग देतात. गुरांच्या देवास बोळका कल्पून त्यास दळलेले अन्न देणाऱ्या ऋषींच्या गोठ्यात म्हातारे बैल निश्चित असले पाहिजेत. आपल्या एकत्र कुटुंबातही बोळकी आजी व बोळके बाळ एकाच वेळी असतात आणि दोघांसाठी मऊ भात एकाच भांड्यात शिजतो.

हे सर्व लिहिण्याचे खरे निमित्त मात्र गाईच्या त्या वरच्या गादीचे आहे. मोर्शीसारख्या कोणत्याही गावात संध्याकाळी उकिरड्यापाशी गाई उभ्या दिसतात. स्वयंपाकघरातील शिळी पोळी, भाजीची देठे, संत्र्याची साले एका पातळ पिशवीत भरून, वर गाठ मारून आपण ती बाहेर टाकतो. गाईला आतल्या अन्नाचा वास येतो. कुत्र्याने पिशवी दातांनी फाडली असती; शेळीने ओठांनी चाचपून हवे तेवढे वेचले असते, कारण शेळी सर्व काही खाते ही समजूत खरी नाही, ती फार चोखंदळ असते. गाईपाशी फाडण्यास वरचे दात नाहीत, वेचण्यास चपळ ओठ नाहीत. जिभेचा विळखा पडतो आणि गाठीसकट पिशवी आत जाते. चावणे पुढे व्हावयाचे असते, म्हणून त्या वेळी तिला काही कळतही नाही. पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहते, ती पचत नाही व पुढेही सरकत नाही. एकीवर एक साचून, सुतळीने गुंतून त्यांचा गोळा होतो. पोट भरलेले दिसते आणि गाय उपाशी खंगते. पोट चिरून कित्येक किलो प्लास्टिक काढल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवी नाहीत. खिळा किंवा तार गेली तर ती दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात अडकते. त्या कप्प्यापुढे एक पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे हृदय. तार तेथवर पोहोचली म्हणजे उपाय फारसा उरत नाही.

“तिच्या तोंडात चाळणी नाही जी. जीभ फिरली का गेलं पोटात,” असे मोर्शीच्या वाटेवर एका गुराख्याने आम्हांस सांगितले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके होते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. ती किती पाळली जाते हे ज्याने त्याने आपल्या दाराबाहेर पाहावे. गोग्रास काढल्याशिवाय ज्या घरात पान मांडले जात नाही, त्याच घराच्या मागील दारी गाठ मारलेली पिशवी पडावी, ही विसंगती आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. त्या गुराख्याने काही घरांशी ठराव केला होता. साले, देठे व शिळे अन्न घरच्या बायका एका टोपल्यात सुटे ठेवीत, आणि तो सकाळी गुरे नेताना टोपले रिकामे करून परत ठेवी. संत्र्याच्या हंगामात त्याच्या गाई त्या टोपल्यासाठी दारापाशी आपणहून थांबत.